भिंतीवरची पिंकी

लहानपणी मनमाडच्या जत्रेत ‘मौत का कुआँ’ यायचा. फळ्यांच्या उभ्या भिंतीवर पिंकी हात सोडून मोटारसायकल फिरवायची आणि मी वर कठड्याला लोंबकळून घसा बसेपर्यंत ओरडायचे. माझ्या लेखी तिच्याइतकं शूर जगात कुणी नव्हतं. एकदा खेळ संपल्यावर तिला जवळून बघायला तंबूमागे गेले, तर बाईसाहेब वाकून ओकत होत्या.

“डर लगता है?” मी विचारलं.

“बहोत,” ती म्हणाली.

मला इतका राग आला की मी तोंड फिरवून निघून आले.

आता मी निफाडकडे वनरक्षक आहे. परवा ऊसतोडीला आलेल्या लताबाईंना फडात एक पिल्लू सापडलं. मांजर समजून त्यांनी ते खोपीवर नेलं, शेळीचं दूध पाजलं. मांजर कसलं, बिबट्याचं पिल्लू! मादी ते शोधत त्याच जागी येणार, म्हणून अंधार पडायच्या आत ते तिथंच परत ठेवायला हवं होतं. नाहीतर पिल्लू आईला मुकलं असतं आणि बिथरलेली मादी खोप्यांवर आली असती.

बांधावर मोबाईल उगारून उभे असलेले शूरवीर आधी हाकलले. लताबाईंनी जीपमधून जागा दाखवली. फड तुटत आला होता, कडेच्या चार सऱ्या तेवढ्या उभ्या होत्या. द्राक्षाच्या क्रेटमध्ये पिल्लू घेऊन मी एकटी गेले. क्रेट टेकवलं आणि समोरच्या उसातून गुरगुर आली.

पळावंसं वाटलं, पण पळालं की ती मागे लागणार. कुठून कोण जाणे, पिंकी आठवली. भिंतीवर घाबरून वेग सोडला की ती पडणार, हे मला तेव्हाही कळायचं. उसाकडे तोंड ठेवून मी एकाच चालीनं जीपपर्यंत मागे सरत राहिले.

दिवस मावळताना मादी आली, पिल्लाला मानेला धरून उसात शिरली. मी जीपमागे जाऊन भडाभडा ओकले.

लताबाई पाणी घेऊन आल्या. “म्याडम, तुमाला बी भ्याव वाटतं?”

“लय.”

वाटलं, आता या तोंड फिरवतील. त्या मात्र शेजारी बसल्या आणि माझी पाठ चोळत राहिल्या.

तंबूमागे पिंकीजवळ माझ्याशिवाय कुणीच नव्हतं.