आबांचा कान

फोन वाजला की आबा तो कानाला लावत. व्हिडिओ कॉल असला तरी. मी गावी असले की शेजारून सांगायची, आबा, तोंडासमोर धरा. ते क्षणभर धरत आणि "आयकू येत नाई ना बाई" म्हणून परत कानाला लावत.

त्यामुळे पुण्यात त्यांच्या नातवाला, सम्यकला, रोज संध्याकाळी एक कान दिसायचा. कानावर पांढरे केस आणि मागे खोचलेली लाल पेन्सिल. आबा आमचे शेजारी, धंद्यानं गवंडी. आमचं गाव रिसोडहून जीपने अर्ध्या तासावर. तिथली निम्मी घरं त्यांच्या हातची, आमचंही. सम्यक त्या कानालाच "आबा" म्हणायचा. कान इकडून म्हणायचा, "जय भीम, साहेब." तिकडून यायचं, "दय भीम."

सगळ्या जगाला आपल्याच धंद्याचं अवजार लावणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. कुणी काहीही ठरवलं की आबा विचारत, "ओळंबा लावला का?" ओळंबा म्हणजे भिंत सरळ आहे की नाही ते पाहायची वजनाची दोरी. मी वाशीमच्या कॉलेजात जायचं ठरलं तेव्हाही त्यांनी वडिलांना हेच विचारलं. बारावीच्या पुढे जाणारी आमच्या घरातली मी पहिलीच. वडील म्हणाले, लावला. "मंग जाऊ द्या तिले," आबा म्हणाले, आणि विषय संपला. माझ्या शिक्षणावर गावात झालेली सर्वांत छोटी चर्चा ती.

गेल्या डिसेंबरात आबांची सून, जी पुण्यात इंग्रजी शाळेत शिकवते, नाताळच्या आठ दिवसांच्या सुट्टीत नवऱ्याला आणि सम्यकला घेऊन येणार होती. आबांनी नातू पाहिला होता तो पाच महिन्यांचा असताना. आता तो दोन वर्षांचा झाला होता. आमच्या गावात नाताळ कुणाच्याच घरी नसतो, पण महिनाभर आबा भेटेल त्याला सांगत होते, "नाताळाच्या सुट्ट्या लागून राह्यल्या." कायच्या सुट्ट्या, असं कुणी विचारलं तर म्हणत, "तुमाले नाई समजाच्या. इंग्रजी हायत."

मग त्यांनी घर हाती घेतलं. उंबरठा तासला. ओट्याचे, पायऱ्यांचे, भिंतींचे सगळे कोपरे सिमेंट लावून गोल केले, लेकराच्या डोक्याला लागू नये म्हणून. आजी म्हणाल्या, आपलं पोरगं रांगत होतं तेव्हा या घराला धड भिंती नव्हत्या, आता यायले कोपरे टोचून राह्यले.

पाहुणे यायच्या दिवशी आबांनी स्वतःवरही हात फिरवला. मिशा काळ्या केल्या, कानावरचे केस काढून घेतले, नवा पांढरा शर्ट घातला. आणि पेन्सिल कोनाड्यात ठेवली. मी विचारलं तर म्हणाले, "साहेबापुढं मजुरावानी काहून जाचं?"

साहेब जीपमधून उतरले, त्यांनी समोरच्या काळ्या मिशा पाहिल्या आणि गाव गोळा होईल असा टाहो फोडला.

प्रवासानं थकलं असेल, असं आबाच म्हणाले. दुसऱ्या दिवशीही तेच झालं. तिसऱ्या दिवसापर्यंत सम्यक आजींकडे गेला, माझ्याकडे आला, आमच्या बकरीच्या गळ्यातही पडला. फक्त आबा दिसले की रडायचा. समोरच्या काकांनी ओट्यावरून हाक मारली, "आबा, या खेपेले ओळंबा चुकला वाट्टे तुमचा." एरवी आबांनी परत दोन ऐकवले असते. त्या दिवशी ते घरामागे गेले.

मी चहा घेऊन गेले तर ते नसलेल्या कामासाठी सिमेंट कालवत बसले होते. खाली बघतच म्हणाले, "बाई, तू शिकेल हाय. लेकरू मले काहून भेऊन राह्यलं?"

मला बी.ए.ला मानसशास्त्राचा एक पेपर होता. त्यात याचं उत्तर नव्हतं, किंवा असेल तर मला सापडलं नव्हतं. होईल सवय, एवढंच मी म्हणाले. सुट्टीचे पाच दिवस उरले होते.

चौथ्या दिवशी एक जण खिडकीचं माप विचारायला आला. आबांनी कोनाड्यातली पेन्सिल घेतली, भिंतीवर दोन रेघा मारून दाखवल्या आणि सवयीनं ती कानामागे खोचली. तोंड भिंतीकडेच होतं.

"आबा," आईच्या मांडीवरून सम्यक म्हणाला.

आबा वळायला लागले. आजींनी हळूच दटावलं, "तोंड फिरवू नोका."

आबा भिंतीकडे बघत उभे राहिले. सम्यक उतरला, चालत गेला, त्यांच्या पायाला धरून वर बघत राहिला. वर कान होता. "दय भीम," तो म्हणाला. आबांनी भिंतीला जय भीम घातला.

पुढचे दोन दिवस आबा एका बाजूनं जगले. तसेच जेवले, तसेच ओट्यावर बसले. मान धरली काय, असं काकांनी विचारलं, तर म्हणाले, "लेकरू अर्ध्यावर आलं हाय. घाई नाई करत." बांधकामात एकेक थर चढवतात तसा ते चेहरा थोडा थोडा वळवत गेले. सातव्या दिवशी सम्यक त्यांच्या छातीवर बसून दोन्ही हातांनी मिशा ओढत होता. रंग निघतो का, ते बघत असावा.

आठव्या दिवशी सगळे निघाले. मलाही वाशीमला परतायचं होतं, म्हणून रिसोडपर्यंत एकाच जीपनं गेलो. पुण्याची ट्रॅव्हल्स ऊन असतानाच लागली. सम्यक आबांचा शर्ट सोडेना. सुनेनं कसंबसं त्याला आत नेलं, तसा तो खिडकीतून हात बाहेर काढून ओरडायला लागला. आबांचा मुलगा म्हणाला, आबा, तुम्ही जरा आडोशाला जा, तुम्ही दिसलात की तो गप्प बसणार नाही.

आठ दिवस चेहरा दाखवण्यात घालवलेला तो माणूस मुकाट्यानं बंद रसवंतीच्या बांबूच्या तट्ट्यामागे जाऊन उभा राहिला. मी खिडकीकडे बघत तट्ट्याच्या कडेशी थांबले.

सुनेनं बिस्किटाचा पुडा उघडला. सम्यकनं एक तोंडात घातलं, दुसरं हातात धरलं, आणि शेजारच्या एसटीच्या टपावर बसलेलं माकड बघण्यात तो गुंग झाला. गाडी अजून सुरूही झाली नव्हती.

मागून आबांनी विचारलं, "रडून राह्यला का अजून?"

आबांशी मी कधी खोटं बोलले नव्हते.

"हो आबा," मी म्हणाले. "लय."

"रडू दे," आबा म्हणाले, आणि तट्ट्याला टेकून आरामात उभे राहिले.