आधी स्वतःच्या दंडाला

आई गेल्यापासून माझा धाकटा भाऊ बाळू संस्थेत राहतो. वय चाळीस, समज चार वर्षांच्या पोराची. काल भेटायला गेले, तेव्हा सिस्टर त्याचं बीपी बघायला आल्या. पट्टा त्यांनी आधी स्वतःच्या दंडाला गुंडाळला, फुगवला आणि म्हणाल्या, "बघ बाळू, दुखत नाही." रोज असंच करतात म्हणे. मग त्याने आपणहून हात पुढे केला.

घरी डॉक्टर आले की आई, बाबा आणि मी, आम्ही तिघं त्याला दाबून धरायचो. माया होती, पण कायम घाईतली.

सिस्टर आकडा लिहीत होत्या, तेवढ्यात बाळूने पट्टा काढून माझ्या दंडाला गुंडाळला. "ताई, दुखत नाही."

माझा हात कुणी असा हातात घेऊन किती दिवस झाले होते! घरी वाट बघणारं कुणी नव्हतं. पट्टा सोडायची मला मुळीच घाई नव्हती.