ठोकायची राहिलेली जागा

गोदीत त्यांना सगळे ठोकेमामा म्हणत. खरं नाव बहुधा फक्त टपालवाल्याला ठाऊक असावं. विकायला निघालेली शिडाची बोट घेण्याजोगी आहे की नाही, हे तपासून सांगणं हा त्यांचा धंदा. त्यासाठी त्यांना लागे एक टॉर्च, गुडघ्याखाली घ्यायची जुनी उशी आणि अंगठ्याएवढ्या डोक्याची हातोडी. बोटीच्या अंगावर वीत-वीत अंतराने ठोकत जायचं आणि ऐकायचं. कोरडं फायबर खणखणीत बोलतं. आत पाणी शिरलं असेल तर आवाज बसतो, ओल्या पुठ्ठ्यावर मारल्यासारखा.

"माझं एक वाक्य ऐकू येत नाही ह्यांना," मामी म्हणायच्या, "पण बोटीला सर्दी झाली तर लगेच कळते."

मामांचा नियम होता की अख्खी बोट ठोकून झाल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. दुसरा नियम त्यांनी कधी सांगितला नव्हता, तरी गोदीभर माहीत होता: जुनी बोट तीच बोट, नवी म्हणजे तरंगतं फर्निचर.

त्यांची भाची शाळेत गणित शिकवायची. तिने आणि नवऱ्याने दोन वर्षांची रजा काढली होती; सहा वर्षांच्या मुलीला घेऊन समुद्रमार्गे लांबवर जायचं ठरलं होतं. दोन बोटी मनात भरल्या होत्या, दोन्ही छत्तीस फुटी. वारा फिरायच्या आत, म्हणजे दोन महिन्यांत, निघणं भाग होतं.

"दोघींपैकी एक सांग, मामा. तू म्हणशील ती घेऊ."

"मी म्हणेन ती? विचार कर हं. पोरीला घेऊन जाणार आहेस."

"म्हणूनच तुला विचारतेय."

आधी नवी. नवी म्हणजे सहा वर्षांची. मागची बाजू एखाद्या ओसरीसारखी रुंद, सुकाणूची दोन चाकं, भरपूर खिडक्या, झोपायच्या तीन खोल्या, आणि दोघांना शेजारी उभं राहता येईल असा स्वयंपाकाचा ओटा. मामांना यातलं काहीच दिसलं नाही. त्यांना दिसले तळाचे बोल्ट. बोट उलटू नये म्हणून खाली जे जड वजन असतं, ते नव्या बोटींना बाहेरून बोल्टांनी आवळलेलं असतं. मामांनी फळ्या उचलल्या, पोटावर झोपले, आरसा धरून एकेक बोल्ट पाहिला. एरवी वितीवर ठोकत, इथे चार बोटांवर ठोकलं. भाची कागदावर काढलेल्या बोटीच्या आकृतीत प्रत्येक ठोक्याला टिंब देत होती.

"काही निघालं?" जावयाने विचारलं.

"निघेल."

दुसरी फेरी झाली. काही निघालं नाही. जेवणाचा डबा मामांनी बोल्टांकडे बघतच संपवला.

दुपारी जुनी. ती अडतीस वर्षांची होती आणि तिचं अंग याच गोदीत, मामा शिकाऊ असताना, त्यांच्या हातून घडलं होतं. त्या काळी फायबर किती टिकेल याचा कुणालाच भरवसा नव्हता, म्हणून भीतीपोटी दुप्पट थर दिलेले. वजन तळाच्या पोटातच ओतलेलं, बोल्टांची भानगड नाही. केबिन मात्र अंधारी आणि अरुंद. जावयाने आत पाऊल टाकलं आणि त्याचं कपाळ तुळईवर आपटलं.

"ती नमस्कार करायला शिकवते," मामा म्हणाले. सकाळपासूनचा त्यांचा हा पहिला विनोद.

हातोडी झरझर चालली. अंग खणखणीत. डेकचा पुढचा भाग खणखणीत. मामा डोलकाठीला वळसा घालून मागे गेले, तिथेही खणखणीत. हातोडी खिशात गेली.

"मामा, डोलकाठीच्या बुंध्याशी कागद कोरा आहे."

"तिथे काय बघायचंय? बारा वर्षांपूर्वी तिथल्या पुल्या मीच बसवल्यात."

"मग ठोकायला हरकत काय?"

मामा जरा घुश्शातच परतले, गुडघ्याखाली उशी घेतली आणि ठोकलं. आवाज बसका. बाजूला ठोकलं, बसका. थाळीएवढ्या जागेत सगळीकडे तोच आवाज. डेकच्या दोन थरांमध्ये हलकं लाकूड असतं. पुल्यांसाठी पाडलेल्या भोकांच्या कडा राळेने बंद केल्या नाहीत तर ते पाणी पितं. बारा वर्षांपूर्वी पुल्या बसवल्या त्या संध्याकाळी मामांच्या हातून कडा बंद करायच्या राहिल्या होत्या. खरं तर राहिल्या नव्हत्या, उद्या करू म्हणून ठेवल्या होत्या.

भाचीचं पेन कागदावर टेकलेलंच होतं. मामांनी एकदा पाण्याकडे पाहिलं. किरकोळ आहे म्हणाले असते, तर तिने ते जसंच्या तसं लिहून घेतलं असतं.

"काळं कर सगळं," ते म्हणाले. "डोलकाठीचा सगळा भार इथेच येतो. उघडून वाळवायला चार-पाच महिने. तुमच्याकडे दोन आहेत. नवी घ्या."

"पण तुला आवडली नाही ना ती?"

"मला कुठे जायचंय तिच्यातून?"

जावई कपाळ चोळत होता. "खरं सांगू मामा? मला बरंच वाटलं."

घरी जाऊन मामांनी दोन्ही अहवाल लिहिले. जुनीच्या अहवालात 'दोषाचं कारण' या रकान्यात लिहिलं: तपासनिसाचंच जुनं काम.

निघायच्या दिवशी सकाळी ते नव्या बोटीवर चढले ते हातोडी आणि तो टिंबांचा कागद घेऊन. दोन्ही भाचीच्या हातात दिलं.

"दर महिन्याला ठोक. आवाज पाठ होतील. आणि तुम्ही स्वतः काही बसवलंत, तर आधी तिथे."

"आणि तू काय वापरणार?"

"मला आता चार-पाच महिने एकाच बोटीवर काम आहे. तिच्यात ओल कुठे आहे ते ठाऊक आहे मला."

बोट धक्क्यापासून सुटली. मुलीने रुंद मागच्या बाजूवर उभं राहून हात हलवला. तिथे तिला उभं राहायला जागा चांगली होती, हे मामांनी पाहिलं. मग ते पलीकडच्या धक्क्यावर गेले आणि जुनीच्या डेकवर उशी टाकून पहिला स्क्रू काढायला बसले.