मामाचा आहेर

पलूसच्या स्टँडवर कुणालाही विचारा. तो सांगेल, नाथाजी हवालदारानं भाऊसोंच्या टाळक्यात माईक घातला आणि मंगल कार्यालयाची नोकरी सोडली. सलूनमध्ये विचाराल तर भाऊसोंना दोन टाके पडलेले असतात. दूध डेअरीवर जाईपर्यंत त्या टाक्यांचे पाच होतात. आणि वडूजकडचे पाहुणे हीच गोष्ट सांगायला लागले, की माईकच्या जागी पितळी समई येते.

त्यातलं खरं एवढंच, की माईक होता. पण तो भाऊसोंच्याच हातात होता आणि शेवटपर्यंत त्यांच्याच हातात राहिला. भाऊसोंच्या हातातला माईक काढून घ्यायची अजून तालुक्यात कुणाची टाप झालेली नाही. बाकीचं मी सांगते. नाथाजी माझे चुलते, अकरावीसाठी मी त्यांच्याच घरी राहते, आणि त्या दिवशी मी पुढच्या सतरंजीवर बसले होते.

नाथाजी फौजेत वायरलेसवर होते. डोंगरावर बसून बर्फातनं बोलायचं आणि पलीकडच्याला एकेक अक्षर ऐकू गेलं पाहिजे, असलं काम. पेन्शन घेऊन ते बायकोच्या गावी, पलूसला आले, तेव्हा त्यांच्याकडं एक काळी ट्रंक होती आणि हा आवाज. त्यांची बायको अंबूबाई, आणि अंबूबाईचे चुलतभाऊ म्हणजे भाऊसो. भाऊसोंनी नुकतंच मंगल कार्यालय बांधलं होतं. बहिणीच्या नवऱ्याला त्यांनी सन्मानानं मॅनेजर केलं, आणि तिथंच घोटाळा झाला. कारण पगारी माणसाला मालक "अरे" म्हणतो, तेव्हा त्यालाही कधी तरी "का रे" म्हणता येतं. भाऊसो म्हणायचे "दाजी".

"दाजी, नवरीच्या खोलीत पाणी येईना झालंय, जरा बघता का?"

"दाजी, बुंदी संपाय लागलीया. पंगत जरा दमानं उठवा."

"दाजी, तुमीच हाय म्हणून सांगतोय."

एवढ्या मानानं सांगितल्यावर माणूस पंपाच्या खड्ड्यात सुद्धा उतरतो. नाथाजी उतरले होते.

पण सगळ्यात वाईट काम माईकवरचं. आमच्याकडं लग्नात अक्षता पडायच्या आधी आलेल्या प्रत्येक पुढाऱ्याचं नाव घेऊन स्वागत करावं लागतं. "आत्ताच आपल्या कार्यक्रमस्थळी आगमन झालेले आहे, सोसायटीचे माजी व्हाईस चेअरमन…" असं. मुहूर्त टळतो, भटजी घड्याळ बघून दमतात, नवरा-नवरी अंतरपाटाच्या दोन बाजूंना घामानं भिजतात, आणि चारी दिशांनी नाथाजींच्या हातात चिठ्ठ्या येत राहतात. एखादं नाव राहिलं तर भांडण. पुढंमागं झालं तर जास्त भांडण.

एकदा एक माजी सरपंच न जेवताच उठून गेले. भाऊसो म्हणाले, "दाजी, तेवढं आणा त्यांना." नाथाजी स्कूटर काढून रानात गेले. सरपंच लग्नातल्याच कडक इस्त्रीत, विजार गुडघ्यापर्यंत दुमडून उसाला पाणी पाजत होते.

"आवं सरपंच, जेवायला चला."

"चवथं नाव घेटलंस माझं. माझ्या आधी त्या कोंबडीखाद्यवाल्याचं."

"तुमी त्येच्या मागनं आला."

"मोठी मानसं मागनंच येत्यात, नाथाजी. फौजेत शिकविलं न्हाई व्हय तुला?"

नाथाजींनी त्यांना समजावून आणलं, परत एकदा सगळ्यात आधी नाव घेऊन स्वागत केलं, आणि मग संध्याकाळी उरलेला भात ताकात कालवून स्वतः जेवले. त्या दिवशी त्यांनी ठरवलं, की आता पुरे.

ठरवणं सोपं. दिवाळी झाल्यावर ते भाऊसोंच्या ऑफिसात गेले.

"भाऊसो, जरा बोलायचं होतं."

"बोला की दाजी. आधी च्या घ्या."

चहा आला. मग बिस्किटं आली. मग भाऊसोंनी अक्काची, म्हणजे अंबूबाईची, तब्येत विचारली, ट्रंकेला रंग दिला का ते विचारलं, आणि खुर्चीत मागं रेलून म्हणाले, "दाजी, तुमी हाय म्हणून मला रातीला झोप लागती बघा. हां, काय म्हणत होता?"

आता यावर माणूस काय म्हणणार? नाथाजी म्हणाले, "वरचा गिझर गळतोय." आणि जाऊन तो दुरुस्त करून आले.

दुसऱ्या खेपेला त्यांनी फौजी पद्धतीनं अर्ज लिहून दिला. भाऊसोंनी तो वाचला, घडी घालून खिशात ठेवला. सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर त्यांनी नाथाजींना पुढं बोलावलं आणि आदर्श व्यवस्थापक म्हणून त्यांचा शाल, नारळ, फेटा देऊन सत्कार केला. नाथाजी त्या उन्हात शाल पांघरून उभे. अंगावर सत्काराची शाल असताना कुणी राजीनाम्याचं विचारतं का? ते घरी आले आणि फेट्यासकट कॉटवर बसून राहिले.

अंबूबाईनं नारळ देवघरात ठेवला. म्हणाली, "सोडा की. मी कुठं नको म्हंते. पन भांडून न्हाई. त्यो धनाजी वायरमन आमच्या भावकीतलाच, पान्याचा तांब्या आपटून गेला कार्यालयातनं, आता दोन घरं एकमेकांच्या दारात पाय ठेवत न्हाईत. मला सख्खा भाऊ न्हाई. पोरीच्या मागं हुबं राहायला एवढा एकच मामा हाय."

पोर म्हणजे प्रियदर्शनी, त्यांची एकुलती एक. तिचं जमत आलं होतं, पलीकडं कवठे महांकाळच्या घरात. लग्नात अक्षता पडताना नवरीच्या मागं तिचा मामा उभा राहतो. मामा रुसून घरी बसलाय आणि नवरीच्या मागं रिकामी जागा आहे, असं लग्न अंबूबाईला नको होतं. म्हणजे नोकरी तर सुटली पाहिजे, आणि मामा तर तुटला नाही पाहिजे.

जमल्याची बातमी घेऊन नाथाजी भाऊसोंच्याकडं गेले, तेव्हा भाऊसोंनी त्यांना मिठीच मारली.

"कार्यालय माझ्याकडनं. मांडव माझ्याकडनं. आन दाजी, माईकवर तुमीच. पोरीच्या लग्नाला घरचाच आवाज."

नाथाजी त्या दिवशी घरी आले आणि अर्ध्या ताटावरनं उठले. सहा वर्षं त्यांनी मुलींचे बाप पाहिले होते. नवा सदरा घालून दारात हात जोडून उभे असलेले, ज्यांना कुणी फ्यूज विचारत नाही असे. आणि मुलगी गाडीत बसली, की हे बाप सगळ्यांची नजर चुकवून जनरेटरच्या मागं जायचे. तिथं आवाज मोठा असतो, त्यामुळं कुणाचं रडणं कुणाला ऐकू येत नाही. नाथाजी पाण्याची बाटली घेऊन तिथं गेलेले होते, कितीतरी जणांसाठी. या खेपेला त्यांना स्वतःला तिथं जायचं होतं. आणि भाऊसो म्हणत होते, की त्या वेळी त्यांनी माईकवरनं पाहुण्यांना पान-सुपारीचा आग्रह करावा.

सुपारी फोडायच्या आदल्या दिवशी मी स्वयंपाकघरात भाऊमामांची नक्कल करत होते. पोट पुढं काढायचं, चष्मा कपाळावर सरकवायचा आणि म्हणायचं, "दाजी, आधी च्या घ्या." काकी पदरात तोंड घालून हसत होती. नाथाजी पहिल्यांदाच हसले त्या आठवड्यात.

"शिवे," ते म्हणाले, "तुझे भाऊमामा मला हसत हसत सोडतील. सवताच्या तोंडानं."

"न्हाई सोडायचे."

"लाव पैज. मी हरलो तर तुझ्या कॉलेजच्या गॅदरिंगला माईकवरनं तुला सन्माननीय म्हणीन."

"आन मी हरले तर?"

"महिनाभर भाऊसोंची नक्कल बंद. घरात न्हाई, दारात न्हाई."

मी लगेच हात पुढं केला. मला वाटलं, पैज जिंकलेलीच आहे.

पण मी भाऊमामांचा आवाज ऐकला होता, आणि नाथाजींनी माणूस ऐकला होता. त्यांना ठाऊक होतं, की भाऊसो खुर्चीत असले की काही सोडत नाहीत, पण त्यांना चांगली विशेषणं लावून हातात माईक दिला, की काहीही देऊन टाकतात. तालमीला त्यांनी असंच मॅट देऊन टाकलं होतं. एका बारशाला, जिथं ते चुकून शिरले होते, तिथं पाळणा.

सुपारीचा कार्यक्रम कार्यालयातच झाला, कारण माईकशिवाय सुपारी फुटत नाही असं भाऊसोंचं मत. देणंघेणं, मानपान सगळं गोडीनं बोलून झालं. मग महांकाळच्या पाहुण्यांतल्या एका म्हाताऱ्यानं रिवाजाप्रमाणं विचारलं, "मुलीचा मामा काय म्हंतोय?"

नाथाजींनी माईक घेतला. "पलूस पंचक्रोशीचे भूषण, दानशूर, मनमिळाऊ, गोरगरिबांचे आधार, आणि आज केवळ मामा म्हणून आपल्यात बसलेले आमचे भाऊसो." आणि माईक पुढं केला.

भाऊसो उठले. चष्मा कपाळावर गेला. "मंडळी, हा मामा आज रिकाम्या हातानं हुबा न्हाई. माग पोरी. फ्रीज माग, कपाट माग, स्कूटी माग. तोंडातनं शबूद काढ, मामा न्हाई म्हणायचा न्हाई."

आता नाथाजींनी बोलायचं होतं. दाढी करताना आरशासमोर त्यांनी ते वाक्य आठवडाभर घोटलं होतं. त्यांनी तोंड उघडलं. बर्फातनं पलीकडच्या डोंगरावर जाणारा आवाज, माजी व्हाईस चेअरमनांना जिथं असतील तिथं गाठणारा आवाज, तो येईचना. जन्मभर दुसऱ्याचं सांगितलेलं, स्वतःचं सांगायला गळ्यात काही नव्हतंच.

प्रियदर्शनीनं बापाकडं पाहिलं. आरशासमोरचं ते वाक्य तिनंही आठवडाभर दाराबाहेरनं ऐकलं होतं.

"मामा," ती म्हणाली, "स्कूटी नको. मला लग्नात पप्पा पायजेत."

"म्हंजी? दाजी कुठं चाललेत?"

"कुठंच न्हाई, म्हणूनच. सहा वर्सं दुसऱ्यांच्या पोरींच्या लग्नात हुबं हायत. माझ्या लग्नापासनं त्यांना कार्यालयातनं मोकळं करा."

माईक चालू होता. भाऊसोंचा श्वास दोन्ही स्पीकरमधनं ऐकू येत होता.

"त्या दिवसाची सुट्टी देतो की."

"सुट्टी न्हाई मामा. कायमचं."

भाऊसोंनी बहिणीकडं पाहिलं. अंबूबाई इतका वेळ सतरंजीची दशी वळत खाली बघत होती. तिनं मान वर केली आणि एवढंच म्हणाली, "भाऊ."

"आगं अक्का, पन माईकवर कोन?"

आता मात्र नाथाजींचा आवाज परत आला, कारण प्रश्न कामाचा होता. "रेश्मा हाय की."

रेश्मा म्हणजे कार्यालयात नवरीचा मेकअप करायला येणारी. आवाज खणखणीत. संक्रांतीपासनं नाथाजी घसा बसला म्हणून तिच्या हातात माईक देत होते. "मागल्या आठवड्यात तुमी म्हणाला न्हाई का भाऊसो, आज कोन रुसलं न्हाई? तवा नावं तिनं घेतली होती. ती पाहुण्याच्या आधी त्येच्या बायकोचं नाव घेती. बायकोचा मान झाल्यावर कुठला सरपंच उठून जातोय?"

आधी बायका हसल्या. मग महांकाळचा म्हातारा हसला. आणि मग भाऊसोंचं पोट हलायला लागलं. ते माईकमध्येच हसले, कार्यालयाच्या पत्र्यापर्यंत पोचेल असं, आणि डोळे पुसून त्यांनी आवाज लावला:

"तर मंडळी, या ठिकाणी मी जाहीर करतो, की आमचे दाजी, सन्माननीय हवालदार नाथाजी यांना, हा मामा भाचीच्या आहेरात, आपल्या स्वखुशीनं, कार्यालयाच्या जबाबदारीतून मुक्त करत आहे. टाळ्या. आन स्कूटी बी देनार. पोरगी न्हाई म्हंती म्हणून मामानं न्हाई म्हणायचं व्हय?"

टाळ्यांच्या गलक्यात नाथाजी माझ्याकडं वळले आणि ओठांवर बोट ठेवलं.

लग्न महिन्याच्या आतच झालं. नाथाजी नव्या सदऱ्यात दारात हात जोडून उभे होते. मध्येच लाईट गेली, तेव्हा त्यांचा एक पाय मीटरच्या खोलीकडं निघाला आणि परत आला. रेश्मानं आधी सरपंचीणबाईंचं नाव घेतलं आणि सरपंच दोनदा जेवले. प्रियदर्शनीच्या मागं भाऊसो उभे राहिले, फेटा बांधून, आणि अक्षता पडताना सगळ्यात जोरात त्यांचाच आवाज होता.

गाडी गेली. नाथाजी कुठं दिसेनात म्हणून मी जनरेटरच्या मागं गेले. ते तिथं होते, आणि त्यांच्याजवळ पाण्याची बाटली घेऊन भाऊसो. दोघांचेही डोळे लाल. भाऊसोंनी मला पाहिलं आणि जनरेटरच्या वर आवाज काढून म्हणाले, "काय गं शिवे, माझी नक्कल करतीस म्हणं लय झ्याक. कर बघू. दाजींना जरा हसू दे."

जन्मात अशी संधी परत यायची नव्हती. मी नाथाजींकडं पाहिलं. डोळे पाण्यानं भरलेले, पण मान ठामपणे हलली. न्हाई. महिना अजून संपला नव्हता.

"मामा," मी म्हणाले, साध्या माझ्याच आवाजात, "आधी च्या घ्या."