आईच्या पलंगाजवळचं बटण

मंडळी, सोलेनॉइड आज चालला.

आई अंथरुणाला खिळलेली. दाराची कडी वाजली की उठायला धडपडायची. म्हणून पलंगाजवळचं बटण दाबलं की कडी ओढंल, असा सोलेनॉइड, म्हंजे विजेचा चुंबक, घरीच करत होतो. माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान हाय. हाताच्या सवयीनं मोटरसारखी एक कॉइल सुलटी, दुसरी उलटी भरली. दोन्ही एकमेकींचा जोर मारायच्या, कडी हलायची न्हाय. महिना त्यातच गेला.

आईला जाऊन पंधरा दिवस झाले.

आज सकाळी चूक दिसली. एका कॉइलची टोकं बदलली, बटण दाबलं. खाट्कन कडी सरकली. मला कायच वाटलं न्हाय.

आतनं बायको नेहमीसारखी आईला ओरडली, "आत्या, उठू नगासा, मी बघतो की!"



बटण काढू काय, सांगा.