घोंगडीवरची अँबॅसिडर

गेल्या वर्षी दसऱ्यानंतरच्या सोमवारी, सकाळी अकरा वाजता, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर एक यादी चिकटवली गेली आणि आत्यांवर, म्हणजे अख्ख्या गावाच्या आत्यांवर, अन्याय झाला. यादीचं शीर्षक ‘बेवारस व भंगार वाहने’. तिसऱ्या क्रमांकावर आत्यांची अँबॅसिडर. मालकाने पंधरा दिवसांत गाडी चालवत कार्यालयासमोर आणून दाखवावी, नाहीतर ती उचलून भंगारात देण्यात येईल. बेवारस म्हणे. गाडीची मालकीण रस्त्यापलीकडच्या शेडात बसून त्याच गाडीचं दार पॉलिश कागदाने घासत होती. विचारायला कुणी रस्ता ओलांडला नाही.

त्यानंतर आठ दिवसांनी, मंगळवारी दुपारी, आत्यांवर दुसरा अन्याय झाला. तो मी केला. अन्याय दिसला की पत्रक काढणं हे माझं कामच; पहिल्यावर मी काढलं. दुसऱ्यावर कुणी काढलं नाही, म्हणून हे लिहिते आहे. गाव मार्गासनीच्या अलीकडे, एवढंच सांगते. नाव घालत नाही, कारण तिथले ग्रामसेवक अजून तेच आहेत आणि मला त्यांच्याकडून आणखी तीन कामं करून घ्यायची आहेत.

तुम्ही वेल्ह्याच्या एसटीने कधी गेला असाल तर खिडकीतून आत्यांना पाहिलंही असेल. खोचलेलं लुगडं, कपाळावर ऑइलचा डाग, उजव्या हातात पाना आणि डावा तळवा बॉनेटवर. मेंढरू मलूल दिसलं की त्या त्याच्या पाठीवर तळवा ठेवून थांबायच्या, अगदी तशाच. बॉनेट थंडगार असायचं. तरी म्हणायच्या, “हाय अजून.”

घर शेळ्यामेंढरांचं. दिवाळी झाली की कळप खाली भोंगवलीकडे निघायचा, पिकं निघालेल्या रानांत बसायला. चाळीस वर्षं आत्या त्या कळपामागे चालल्या, पुढे घोडा, घोड्यावर संसार. मग उजवा गुडघा गेला. मुलगे म्हणाले, “आई, तू आता घरी राहा.”

“घरी कुणासंगं राहू? भिंतीसंगं बोलू व्हय?” आत्या म्हणाल्या, आणि त्याच आठवड्यात कापूरहोळला जाऊन एका धाब्यामागे जिच्यात कोंबड्या बसत होत्या ती अँबॅसिडर दोन शेळ्या देऊन घेऊन आल्या. म्हणजे टेम्पोवर घालून आणली. इंजिन जाम, तळाला गंजाची जाळी, मागची सीट उंदरांनी खाल्लेली. ट्रॅक्टरचं लायसन त्यांच्याकडे होतंच, मोटारीचंही काढून घेतलं. कळपामागे जायचं ते आता बसून जायचं, हा बेत.

पैसा नव्हता, म्हणून हिशोब जनावरांत चालायचा. जुना डायनामो काढून भंगारातल्या टेम्पोचा अल्टरनेटर बसवला, त्याला एक बोकड गेला. दिव्यांत एलईडी घातले तेव्हा म्हणाल्या, “ह्ये सवस्तात झालं. नुस्ती अंडी गेली.” चौघांसाठी सीटबेल्टचे पट्टे बसवले. मागची सीट घरच्या लोकरीने भरली, पण लोकर धुवायची राहिली. उन्हाळ्यात गाडीचं दार उघडलं की वासाने अख्खा कळप बाहेर यायचा. करडं तर त्या सीटला आई समजून हुंगत बसायची.

खरी पाहण्यासारखी गोष्ट वेगळीच होती. गाडीचा प्रत्येक सुटा भाग त्या शेडातल्या मोठ्या घोंगडीवर मांडायच्या. नट, बोल्ट, वायसर, क्लिपा. पुढच्या डाव्या दाराचे एका कोपऱ्यात, त्यांच्या शेजारी बिजागऱ्या, थोडं लांब इंजिनाचे. कापूरहोळचा मिस्त्री रविवारी मदतीला यायचा. तो म्हणाला, “आत्या, चिठ्ठ्या लावा. नंबर टाका.”

“आमी मेंढरांना कधी नंबर टाकलं?”

“मेंढरं ओळखू येतात.”

“मंग? ह्येबी येत्यात.”

यादी लागल्यावर मी पत्रक छापलं आणि त्यांना वाचून दाखवलं. ‘जाहीर निषेध’, ‘कष्टकरी महिलेचा अवमान’, सगळं होतं. त्या शेवटपर्यंत ऐकत राहिल्या.

“लई ग्वाड लिवलंस. आता त्यो स्टार्टर धर जरा.”

“आत्या, हा हक्काचा प्रश्न आहे.”

“व्हय. जरा वर धर.”

मंगळवारी त्या गळका रेडिएटर झाळून आणायला भोरला गेल्या. मी दुसऱ्या पत्रकासाठी फोटो काढायला शेडात आले. मोबाईलमधून पाहिलं तर घोंगडीवर नुसता पसारा. मला वाटलं, हा फोटो छापला तर यादी लावणाऱ्यांचंच फावेल. म्हणून मी आवरायला घेतलं. बिस्किटांचे चार डबे आणले. लहान बोल्ट एका डब्यात, मोठे दुसऱ्यात, नट तिसऱ्यात, उरलेलं चौथ्यात. वर रॉकेलच्या फडक्याने पुसूनही काढले. कुणाला न विचारता लोकांचं भलं करणाऱ्यांना मी पत्रकांतून पुष्कळ झोडपलं आहे. त्या दुपारी मी त्यांच्यातलीच होते, आणि मला ते कळलंही नाही.

आत्या आल्या. रिकामी घोंगडी पाहिली. रेडिएटर खाली ठेवला.

“किती डबं?”

“चार.”

गुडघा धरून त्या घोंगडीच्या कडेला बसल्या आणि म्हणाल्या, “पाणवठ्याव दोन कळप मिसळलं तर काय करत्यात, ठाव हाय?”

“नाही.”

“गप बसत्यात. वरडलं की जास्त मिसळत्यात.”

मी गप्प बसले. आयुष्यात एवढा वेळ मी कधी गप्प बसलेले नाही. आत्यांनी पहिला डबा घोंगडीवर ओतला आणि एकेक बोल्ट उजेडात धरू लागल्या. पुसून मळ गेला होता, पण आटे कुठे झिजलेत, मान कुठे वाकली आहे, वायसरखाली गंजाचं कडं केवढं आहे, हे मला पुसता आलं नव्हतं. “ह्यो मागच्या दाराचा. तिरका हाय बघ. त्ये दार धाब्यावाला लाथंनं लावायचा.” एक बोल्ट पाहून ठेवायच्या, पुन्हा उचलायच्या, दुसऱ्याशेजारी नेऊन पाहायच्या. जमलं नाही की म्हणायच्या, “ऱ्हाऊ दे. येईल त्यो.”

चार दिवस गेले. पंधरातले चार. ग्रामपंचायतीने आत्यांचा इतका वेळ खाल्ला नव्हता, मी खाल्ला. मिस्त्रीने आपलं दुकान दोन दिवस बंद ठेवलं आणि मला पाहून एवढंच म्हणाला, “ताई, तुम्ही पत्रकंच काढा.” तीन बोल्ट शेवटपर्यंत ओळखू आले नाहीत. त्यांच्या जागी नवे घातले.

पंधराव्या दिवशी दुपारी आत्यांनी चावी फिरवली. पहिल्यांदा काही नाही. दुसऱ्यांदा मोठा खोकला आणि काळा धूर. तिसऱ्यांदा इंजिनाने दम धरला आणि पत्र्याचं शेड थरथरू लागलं. आत्यांनी गियर टाकला, शेडातून गाडी काढली, रस्ता ओलांडला आणि कार्यालयाच्या दारात नेऊन लावली.

ग्रामसेवक बाहेर आले. “आत्या, बघितलं मी. बंद करा आता.”

“भाऊसाहेब, बंद केली तर परत चालू व्हईल का, न्हाई सांगता येत. तुमी यादी आणा आदी.”

त्यांनी यादी भिंतीवरून सोडवली, बॉनेटवर ठेवली आणि तिसऱ्या क्रमांकावर काट मारली. इंजिन इतकं हादरत होतं की रेघ नागमोडी आली. आत्यांनी ती निरखून पाहिली आणि म्हणाल्या, “बरी हाय.”

दिवाळीनंतर कळप निघून गेला. आत्या तीन आठवडे मागे राहिल्या, कारण आरटीओचं पासिंग बाकी होतं. पहिल्या खेपेला हॉर्नवरून परत पाठवलं. दुसऱ्या खेपेला झालं. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले तर शेड मोकळं. दुपारी फोन आला, मागे मेंढरांचा कालवा.

“पोचले गं. घाटात जरा तापली, थांबून पाणी पाजलं. आता मागं चार कोकरं बसवल्यात. एक पट्ट्यातनं सारकं निसटतंय.”

“गुडघा?”

“त्यो गाडीत हाय.”

ती यादी ग्रामपंचायतीने परत भिंतीवर लावली आहे. आत्यांची गाडी वगळता बाकीची वाहनं तशीच आहेत: एक जीप, दोन रिक्षा, एक टेम्पो. त्यांच्या मालकांकडे अजून कुणी गेलेलं नाही. तुमच्या गावातही अशी यादी असेल. उद्या सकाळी ती वाचा. एका तरी मालकाच्या दारात जा, पाना घेऊन, मोकळा दिवस घेऊन. काय अडलंय ते विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत कशालाही हात लावू नका.