वार्निशचा कोपरा

"गुरुजी, या चित्राला वार्निश मारून द्या. परवा उद्घाटन आहे," साहेब म्हणाले आणि निघून गेले.

लातूर जिल्हा नवा, कलेक्टर कचेरी नवी, फक्त नळाला पाणी नव्हतं. दुष्काळाचं दुसरं वर्ष. हॉलमधलं ते मोठं चित्र किशनचं होतं. किशन देवणीचा, माझा वर्गमित्र. मी चाकूरला ड्रॉइंग टीचर. पुढाऱ्यांची हुबेहूब पोर्ट्रेट काढून मी कितीतरी कचेऱ्यांच्या भिंती भरल्या. या हॉलसाठी मात्र मला कुणी विचारलंसुद्धा नाही.

किशनच्या चित्रात ना बैल, ना माणूस. नुसते तपकिरी, करडे, पिवळट चौकोन. आटलेल्या तळ्यांची माती चाळून, डिंकाच्या पाण्यात कालवून तो रंग करायचा. आमच्या भागात असं कुणी केलं नव्हतं. लोक वर्षानुवर्षं हसले, मीही हसलो. मग मुंबई-दिल्लीला प्रदर्शनं झाली. नव्या चित्रकलेची वाट यानंच पाडली, असं जाणकार म्हणू लागले. माझा जळफळाट झाला, खोटं कशाला सांगू?

वार्निश म्हणजे चित्रावरचा पारदर्शक थर, धूळ बसू नये म्हणून. ऑइल पेंटला चालतं. मातीचा रंग ते पितो आणि कायमचा काळा पडतो. साहेबांना हे ठाऊक नव्हतं. मला होतं. तरी मी ब्रश बुडवला.

खालच्या कोपऱ्यात वीतभर फटका मारला. माती काळीभोर झाली. बरं वाटलं. दुसरा मारायला गेलो आणि वरच्या पिवळट चौकोनाकडं लक्ष गेलं. ती आमच्या शाळेमागच्या तळ्याची माती. आम्ही दोघं तिथंच पोहायला शिकलो. मग हातच उठेना.

साहेबांना सांगितलं, "याला वार्निश चालत नाही. कोपरा माझ्या हातून बिघडला."

उद्घाटनाला किशन आला तो थेट कोपऱ्यापाशी गेला.

"हे कुणी केलं?"

"मी. मुद्दाम."

त्यानं काळ्या मातीवरून बोट फिरवलं. "लई दिवस झाले, मातीत ओल दाखवायला बघायलोय. जमतच नव्हतं. राहू दे हे."

आठवड्यानं पेपरात लेख आला. अर्धा लेख त्या कोपऱ्यावर. दुष्काळातली ओल, चित्रकाराची प्रतिभा वगैरे. नाव अर्थात किशनचं. त्यानं मला कात्रण पाठवलं, वर लिहिलं होतं, 'हे तुझं हाय.' ते वाचून तर मी आणखीच जळलो.

अख्ख्या नोकरीत माझ्या कामावर छापून आलं ते तेवढंच. नव्या शिक्षकांना मी सांगतो, वार्निश आधी फालतू तुकड्यावर लावून बघा. आणि डोक्यात कुणाचा हेवा असेल, तर त्या दिवशी ब्रश धुऊन ठेवा.